आठवा ठोका

वेनहोल्म, निवृत्त पाद्र्यांचं घर
११ फेब्रुवारी २०११

प्रिय हेटी,

हे पत्र न वाचताच शेगडीत टाकायचं ठरवलं असशील तर खुशाल टाक, पण त्याआधी एवढी एक ओळ वाच: वॅक्सनीच्या चर्चची घंटा उतरवतायत.

वाचलीस? मग बाकीचंही वाच. सहा वर्षांत मी तुला चौदा पत्रं लिहिली आणि एकही टपालात टाकलं नाही, तेव्हा हे पहिलंच समज.

चर्चला गिऱ्हाईक मिळालंय. लंडनचं जोडपं आहे, सुट्टीत येऊन राहणार. जिथे उभी राहून तू सात वर्षं प्रभुभोजन दिलंस तिथे म्हणे भांडी धुवायचं यंत्र बसणार. घंटा त्यांना नको, झोपमोड होते. ती कुठल्याशा नव्या चर्चला द्यायची ठरलीय. ऑक्टोबरात माणसं येऊन उतरवतील.

ही बातमी पेग अटिंगने आणली. तुझ्या चर्चची कारभारीण. दोन बस बदलून आली, माझ्यासमोर उभी राहिली, खुर्चीवर बस म्हटलं तर बसेना. म्हणाली, ''कुलूप तुम्ही लावलंत आर्चडीकनसाहेब, आता जीभही उपटतायत.'' मी म्हटलं, अगं पेग, मी निवृत्त झालो, आता मला कोण विचारतं? तर म्हणते, ''विचारत होते तेव्हा तरी काय केलंत?'' आणि केक ठेवून गेली. ह्या बाईच्या शिव्या आणि केक नेहमी एकाच पिशवीतून येतात.

हेटी, मला एकच हवंय. ती घंटा उतरायच्या आधी एकदा ये. आपण दोघं आत जाऊ. किल्ली पेगकडे आहे, तिने ती कधी परत केलीच नाही. माझं वय शहात्तर, हृदय डॉक्टरच्या भाषेत 'थकलेलं'. सख्खी बहीण बोलत नसताना मी गेलो तर ते मला वर जाऊनही टोचत राहील.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. वॅक्सनी बंद करायच्या कागदावर माझी सही होती. निवृत्तीआधीची जवळजवळ शेवटचीच. पण तुला त्याहून जास्त लागलंय ते सात वर्षं आधीचं. १९९८च्या मे महिन्यातला तो गुरुवार. बिशपच्या हाताखाली सगळ्या चर्चचा कारभार बघणारा आर्चडीकन म्हणून मी तुझा हात धरून चर्चच्या दाराच्या कडीवर ठेवला, म्हणजे चर्च तुझ्या स्वाधीन केलं, मग आत नेऊन घंटेचा दोर हातात दिला. नवा पाळक जितके ठोके देईल तितकी वर्षं तो गावात राहणार, ही आपल्याकडची जुनी समजूत. सगळं गाव बाकांवर बसून बोटांवर मोजत होतं. आणि सातव्या ठोक्याला मी तुझ्या हातावर हात ठेवून म्हणालो, ''पुरे हेटी, चहा गार होतोय.'' लोक हसले. सातव्या वर्षी चर्च बंद झालं. पेग अजून चारचौघांत सांगते की मी मोजूनच थांबवलं.

शपथेवर सांगतो, चहाच होता. किटली हॉलमध्ये मांडून अर्धा तास झाला होता, आणि बिशपना गार चहा चालत नसे.

तुझा,
क्लेम


३ मार्च

प्रिय हेटी,

उत्तर नाही. हरकत नाही. सहा वर्षं मी गप्प होतो, तुला तीन आठवडे तरी द्यायला हवेत.

इथे दुपारच्या जेवणानंतर सगळे पेंगतात. अकरा म्हातारे पाद्री, अकरा खुर्च्या, आणि खिडकीजवळच्या एका खुर्चीसाठी जी भांडणं चालतात ती पाहून सैतानसुद्धा लाजेल. ती खुर्ची सध्या माझ्याकडे आहे. समोर पाणथळ, त्यावर धुकं, आणि धुक्यात गवत आहे की पाणी आहे ते कळत नाही. तिथे माझा डोळा लागला की रोज एकच स्वप्न पडतं.

आपले बाबा होडी वल्हवत चर्चच्या दारातून आत येतात. लव्हाळ्याच्या पेंढ्या भरलेली तीच होडी. आत गुडघाभर पाणी आहे, स्तोत्रांची पुस्तकं बदकांसारखी तरंगतायत, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आईचा एप्रन घालून तू उभी आहेस, सात वर्षांची, आणि कोंबड्यांना बाप्तिस्मा देतेयस. आठवतं ना? त्या तांबड्या कोंबडीचं नाव तू 'रिबेका' ठेवलंस आणि मला धर्मपिता केलंस. बाबा म्हणाले होते, ''पोरी, तू पाद्री झालीस तर मी इंग्लंडची राणी होईन!'' तू रडली नाहीस. पुढची कोंबडी धरलीस.

मग स्वप्नात तू दोर ओढतेस. दोर वरून येतच राहतो, ओला, लांबच लांब, तुझ्या पायाशी त्याची वेटोळी होतात. घंटा पाण्याखालून वाजल्यासारखी वाजते. मी मोजतो. एक, दोन, तीन. सात झाले की मला जाग येते. दर वेळी सातलाच. आठवा कधी ऐकूच येत नाही. शेजारच्या खुर्चीतला म्हातारा विचारतो, ''काय हो लार्टर, झोपेत बोटं काय मोजता?'' मी सांगतो, पापं.

माणूस आर्चडीकन होतो म्हणजे काय होतो हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लहानपणी वाटायचं, देवाच्या जवळ जायचं. बंदराच्या गावात सहायक पाद्री होतो तेव्हा खरंच जवळ होतो. मासे विकणाऱ्या बायका मध्येच टोपली खाली ठेवून म्हणायच्या, ''माझ्या पोरासाठी प्रार्थना करा हो, समुद्रावर गेलाय,'' आणि आम्ही तिथेच, खवल्यांत उभे राहून करायचो. मग पुढे चढत गेलो. नावामागे 'पूजनीय' लागलं आणि वीस वर्षं मी पन्हळी तपासल्या. कुठल्या चर्चच्या छपराचं शिसं चोरीला गेलं, कुठल्या बुरुजात कबुतरं शिरली, कुणी न विचारता बाक हलवला. लोक मला पाहिलं की आधी वर बघायचे, पन्हळ गळतेय का म्हणून. बायबल उघडलं त्यापेक्षा शिडीवर जास्त वेळा चढलो असेन.

तू मात्र सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या चर्चमध्ये खुर्च्या मांडल्यास, पोरांना गोष्टी सांगितल्यास, पुरुष पाद्र्यांची प्रवचनं टाइप करून दिलीस. बायकांना दीक्षा मिळू लागली तेव्हा तू एकावन्न वर्षांची होतीस, आणि वॅक्सनी तुझ्या हाती आलं तेव्हा पंचावन्न.

ये ना गं.

क्लेम


२० मे

हेटी! हेटी!

तुझं कार्ड आलं! पुढे शेळीचं चित्र, मागे सहा शब्द: 'घंटा कोणत्या तारखेला उतरवतायत? सांग. हेटी.' मी ते न्याहारीच्या टेबलावर सगळ्यांना दाखवलं. एकाने विचारलं, ''एवढंच?'' म्हटलं, तुम्हाला बहीण नाही, तुम्हाला काय कळणार.

मंगळवार, अकरा ऑक्टोबर. दुपारी बारा वाजता माणसं येतील. आपण दहाला जाऊ. पेग अंड्याचे सँडविच आणणार आहे.

आज दुपारी स्वप्नच पडलं नाही. नुसतं धुकं होतं, आणि त्यात ऊन.

तुझा, तुझा,
क्लेम


२ जून

प्रिय हेटी,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचव्यांदा फाडणार नाही.

काल पेग आली होती. तू येणार हे कळल्यापासून बाईचा आवाजच बदललाय. पहिल्यांदाच खुर्चीवर बसली. बसून म्हणाली, ''साहेब, मी तुम्हाला उगाच बोलले. बाई येतायत म्हणजे त्यांनी मन साफ केलं. तुमच्या मनात खोट असती तर त्या आल्या नसत्या.''

मी चहा ढवळत राहिलो.

मग ती म्हणाली, ''तुम्हाला माहीत आहे का, त्या दिवशी सकाळी बाईंनी मला काय सांगितलं होतं? म्हणाल्या, पेग, मी पंधरा देणार. सत्तरीला निवृत्ती, तोवर इथेच. एका ठोक्याचीही लबाडी नको, बरोबर पंधरा.'' आणि हसली. ''नशीब बघा, सातवरच चहा आडवा आला.''

हेटी, चहा आडवा आला नव्हता.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये माझ्या टेबलावर एक कागद आला होता. वॅक्सनी. वस्ती एकशे दहा, बुरुजाला तडा, समुद्र दर वर्षी दीड यार्ड जवळ. 'पाच ते सात वर्षांत बंद करावे.' तुझी नेमणूक तेव्हा ठरत होती. नियम तुलाही माहीत आहे आणि मला तर पाठच होता: ज्या चर्चचं नाव बंद करायच्या यादीत आलं, तिथे पूर्ण पाळक नेमायचा नाही. तात्पुरता कुणीतरी पाठवायचा. त्याला कडी नाही, दोर नाही. हसतमुखाने चार ओळी वाचायच्या आणि कामाला लागायचं.

मी तो कागद खणात टाकला. बियाण्यांच्या कॅटलॉगखाली. अळीमिळी गुपचिळी. बिशपना मी तो जूनमध्ये दाखवला, तुझा दोर ओढून झाल्यावर, आणि 'टपाल उशिरा आलं' म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला. आर्चडीकनवर कोण अविश्वास दाखवणार?

का केलं? तू कडीवर हात ठेवावास म्हणून. सत्तावीस वर्षं खुर्च्या मांडणाऱ्या माझ्या बहिणीला 'तात्पुरती' म्हणून पाठवायची मला लाज वाटली. वाटलं, एक दिवस तरी तिचा पुरा होऊ दे, पुढचं पुढे बघू. हे मी प्रेमाने केलं, हेटी, हे खरं आहे. पण सगळं खरं नाही. तुला समोर बसवून सांगायची छाती नव्हती, हेही तेवढंच खरं. बायकांच्या दीक्षेवर मत द्यायचं होतं त्या दिवशीही मी सर्दी झाली म्हणून घरी बसलो होतो. सर्दी नव्हती. तू तेव्हा मला काढा करून पाठवला होतास, तो मी कुंडीत ओतला.

आणि मग तू दोर ओढू लागलीस. पहिल्या ठोक्याला तुझी टाच जमिनीवरून उचलली गेली, तू पोरीसारखी हसलीस. चौथ्याला पेगचे डोळे भरले. मी मोजत होतो. पाच ठीक, सहा ठीक, सात. सातच्या पुढचा प्रत्येक ठोका खोटा असणार हे त्या अख्ख्या चर्चमध्ये मला एकट्याला माहीत होतं. मला तो ऐकवला नसता. म्हणून हात ठेवला. तोंडाला जे पहिलं आलं ते बोललो.

पेगचं खरं होतं. मी मोजूनच थांबवलं.

तू मला फक्त सहीसाठी माफ करून येणार असशील तर येऊ नकोस. हे सगळं धरून यायला जमलं तरच ये. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण तेरा वर्षं मूठ झाकून माझा हातच आखडलाय.

क्लेम


२९ सप्टेंबर

प्रिय हेटी,

जून गेला, जुलै गेला, लव्हाळी कापून झाली. तुझं काही नाही. ठीक आहे. हे मी मागून घेतलंय.

स्वप्न परत पडायला लागलंय. आता पाणी बाकांच्या वर आलंय, आणि तू एप्रनमध्ये नाहीस, पांढऱ्या झग्यात आहेस, आणि माझ्याकडे पाठ आहे. सात झाले की जाग.

अकरा तारखेला मी जाणार आहे. इथल्या मेट्रनने नाही म्हटलं. मी म्हटलं, बाई, वीस वर्षं मी लोकांना नाही म्हणत आलो, मला ते ऐकायची सवय नाही. शेवटी ती स्वतः गाडीतून सोडते म्हणाली. पेगला मी सगळं सांगितलं, कागदाचंही. तिने शिवी दिली नाही. त्याचंच वाईट वाटलं. नुसती म्हणाली, ''सँडविच मी तीन माणसांचे करते.''

तू न आलीस तरी घंटेला निरोप देणारं आपल्या घरचं कुणीतरी असावं, एवढंच.

क्लेम


१६ ऑक्टोबर

प्रिय हेटी,

तुझी गाडी सुटून पाच दिवस झाले. तू तिथे होतीसच, तरी हे लिहितोय, कारण माझ्या बाजूने ते कसं दिसलं ते तुला माहीत नाही, आणि आता तुझ्यापासून काही झाकायचं नाही असा कानाला खडा लावलाय.

मी साडेनऊला पोचलो. धुकं एवढं होतं की बुरुज अर्धाच दिसत होता. पेग कुठे दिसेना. मी त्या वाकड्या थडग्याला टेकून बसलो. समुद्र ऐकू येत होता, दिसत नव्हता. दहा वाजले. सव्वादहा. मला वाटलं, नाही येत ती, आणि का यावं तिने? आणि तसंच बसल्या बसल्या डोळा लागला.

बाबांची होडी आली. पाणी आलं. पुस्तकं तरंगायला लागली. तू दोर ओढलास. एक. दोन. मी झोपेतसुद्धा म्हणत होतो, सावकाश हेटी, सावकाश, सातला मला उठावं लागतं. पाच. सहा. सात. मी जाग यायची वाट पाहिली.

आणि आठवा ठोका पडला.

आयुष्यात इतका मोठा आवाज ऐकला नाही गं. थडग्याचा दगड थरथरला. झाडावरचे कावळे उडाले. मी डोळे उघडले तर धुकं तेच, समुद्र तोच, आणि घंटा वाजतच होती. नऊ. दहा. मी काठी विसरून धावलो. शहात्तर वर्षांचा माणूस जेवढा धावतो तेवढा. दारापाशी पेग उभी होती, बोटं मोजत. तिने मला आत जाऊ दिलं नाही. ''थांबा,'' म्हणाली. ''ह्या वेळी कुणी मध्ये यायचं नाही.''

पेग म्हणते तू आठच ठोके दिलेस. म्हणजे पहिले सात मी झोपेत ऐकले ते माझे मीच, आणि पुढचे आठ तुझे. पंधरा. बाई, तू उरलेले द्यायला आली होतीस.

मग मी आत आलो. तुझे केस किती पिकलेत. तूच म्हणालीस, ''तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून माझ्या शेळीपुढे टाकलं, तर शेळीही खाईना.'' मी हसायला गेलो आणि रडलो. तू मला रडू दिलंस. घाई केली नाहीस, जवळही आली नाहीस.

मग तू जे म्हणालीस ते मी रोज उठून स्वतःला म्हणून दाखवतो. ''गाढवा, मला विचारलं असतंस तर मी सात वर्षांसाठीसुद्धा आले असते. कडी नको होती, दोर नको होता. फक्त सात आहेत हे माहीत असतं तर मी त्यातला एक रविवारही डोकं दुखतंय म्हणून वाया घालवला नसता.''

तू माफ केलं असं म्हणाली नाहीस, आणि मी विचारलं नाही.

तू माझा हात धरलास. मला वाटलं, बाहेर नेतेयस. तू मला दारापर्यंत नेलंस आणि माझा हात त्या कडीवर ठेवलास. मी शंभरेक पाद्र्यांचे हात त्या त्या दारांच्या कड्यांवर ठेवले असतील, पण माझा हात कुणी धरला त्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती. कडी गार होती, आणि तुझा हात गरम. मग तू मला दोरापाशी आणलंस.

''वाजव,'' म्हणालीस.

''हेटी, डॉक्टरने सांगितलंय...''

''वाजव.''

मी ओढला. घंटा हलली, दोर वर गेला, मीही थोडा गेलो. एक. तू भिंतीला टेकून उभी होतीस. दोन. तीन. माझ्या मनात चोर होताच, वाटलं, ठोका म्हणजे वर्ष, थकलेल्या हृदयाने आपल्या मापाने मागावं, आणि मी हात सैल सोडला.

''किती देऊ?'' मी विचारलं.

''मला काय विचारतोस? मी मोजत नाहीये.''

तेवढ्यात बाहेरून पेग ओरडली, ''अहो या दोघं! चहा गार होतोय!''

मी दोर सोडायला गेलो. तू माझ्या हातावर हात ठेवलास, घट्ट, आणि दाराकडे तोंड करून ओरडलीस, ''होऊ दे गार!''

तुझा,
क्लेम